जंगमाचे स्थावर

चालणारी सायकल आधी जन्मास आली की जागच्या जागी उभी राहणारी, असा प्रश्न चारचौघांत टाकला, तर ज्याला म्हणून आपल्या बुद्धीचा थोडाबहुत अभिमान आहे असा प्रत्येक मनुष्य, प्रश्नकर्त्याकडे अनुकंपेने पाहून, अर्थातच चालणारी, असे उत्तर देईल; आणि तो साफ चुकेल. कार्ल फॉन ड्राईस या जर्मन गृहस्थाने दोन चाके एकामागे एक जोडून, त्यांवर स्वार होऊन पायांनी जमीन रेटीत जाण्याचे आपले वाहन रस्त्यावर आणले ते १८१७ साली. परंतु हातांनी आणि पायांनी चाके गरगर फिरवावीत आणि तरीही तसूभर पुढे सरकू नये, अशा 'जिम्नॅस्टिकॉन' नामक यंत्राची सनद फ्रान्सिस लाउंड्स या इंग्रजाने मिळवली ती १७९६ साली. म्हणजे सवाई माधवराव नुकतेच निवर्तले असून पेशवाईची वस्त्रे कोणाच्या अंगावर चढावीत याची कारस्थाने पुण्यात रंगली होती, आणि जो तो दुसऱ्यास बसल्या जागेवरून उठविण्याच्या खटपटीत होता, त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात मनुष्याने बसल्या जागेवरून न उठता किती श्रम करता येतील याचा शोध लावला. कोठेही न जाण्याची कल्पना मानवजातीस आधी सुचली. कोठे तरी जावे, हे तिच्या ध्यानात यावयास आणखी एकवीस वर्षे लागली.

या कल्पनेची पुढची वाटचाल मोठी उद्बोधक आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नामक इंजिनिअराने इंग्लंडातील तुरुंगांसाठी पायचक्की तयार केली. सक्तमजुरीच्या कैद्यांनी एका प्रचंड फिरत्या पिंपावरील पायऱ्या चढत राहावयाचे, आणि पायऱ्या तितक्याच वेगाने खाली येत असल्यामुळे कैदी आपला जेथल्या तेथे, अशी ती व्यवस्था होती. त्या काळी या सुखाचा लाभ होण्यासाठी मनुष्याला निदान एखादी चोरी तरी करावी लागे. आज तेच आपण निरपराध अवस्थेत, स्वखर्चाने आणि मासिक हप्त्यांवर भोगतो. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावर उतारूंसाठी जी व्यायामशाळा होती तीतही जागच्या सायकली ठेवलेल्या होत्या, आणि समोरच्या मोठ्या तबकडीवर एक लाल व एक निळा असे दोन काटे फिरून शेजारीशेजारी बसलेल्या दोघांपैकी कोण पुढे आहे हे दाखवीत. खोली स्वतः ताशी चाळीसएक किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे निघालेली, तीत सायकल जमिनीला खिळलेली, आणि सायकलीवरचा गृहस्थ निळ्या काट्याला मागे टाकण्यासाठी घामाघूम झालेला! या गतीचा जमाखर्च न्यूटनापुढे मांडला असता, तर त्यानेही पुढची तारीख मागितली असती.

पुण्यास सायकलीचे कौतुक सांगावयास नको. एके काळी हे शहर सायकलींचे म्हणून प्रसिद्ध होते; कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, पेन्शनर हे सारे एकाच वाहनावर आरूढ होत असल्यामुळे समाजातील पायऱ्या निदान रस्त्यावर तरी पुसल्या जात; सायकलीला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट बसणे हा गुन्हा असे, आणि ज्याच्यापाशी सायकल नसे तो ती कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणी. त्याच शहरात आज सायकल रस्त्यावर काढणे हे मृत्युपत्राची नोंदणी झाल्याखेरीज करू नये असे कृत्य झाले आहे. उजवीकडून बस, डावीकडून विरुद्ध दिशेने येणारी स्कूटर, खाली खड्डा, आणि या तिन्हींतून मनुष्य निभावलाच तर पहाटेच्या प्रहरी आपापल्या हद्दीचा बंदोबस्त ठेवणारी कुत्री. शिवाय जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन. वर्षातून सायकलीस योग्य असे जे दिवस उरतात, त्या दिवशी नेमकी लग्ने असतात.

कायद्याने मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पाडले आहेत, आणि सायकल ही जंगम मालमत्तेत मोडते याविषयी आजवर कोणत्याही न्यायालयाने शंका घेतल्याचे मला ठाऊक नाही. तिला दिवाणखान्यात आणून, तिचे मागचे चाक उतरवून, एका वजनदार लोखंडी यंत्राला जखडून तिचे स्थावरात रूपांतर करण्याचा सल्ला मला दिला तो माझ्या पुतण्याने. हा पुतण्या दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे नामक पदयात्रा सायकलीवरून करतो, आणि नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांत मिळून सुमारे ४,८०० किलोमीटरची अमेरिका आडवी ओलांडली, ही हकीगत घरात कोणीही जिना चढताना दम लागल्याची तक्रार केली की ऐकवतो. "काका, पाऊस असो नाहीतर ट्रॅफिक, तुमचं पॅडलिंग थांबता कामा नये," असे तो म्हणाला. ते कधी सुरू झाले होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

या यंत्रांच्या मुख्य जाती तीन. पहिली रोलरची. जमिनीलगत तीन आडवी नळकांडी, मागच्या चाकाखाली दोन आणि पुढच्याखाली एक, मागची गती पट्ट्याने पुढे पोहोचविलेली. त्यांवर सायकल नुसती ठेवावयाची, कोठेही बांधावयाची नाही, आणि केवळ स्वतःच्या तोलावर ती चालवीत राहावयाचे. नवशिक्याने रोलर दाराच्या चौकटीत मांडावेत, म्हणजे पडावयाचे ठरलेच तर दोन्ही बाजूंस धरावयास काही तरी असते, असे जाणते लोक सांगतात. घरातील इतर माणसांनी त्या वेळात आत-बाहेर कसे करावे, याविषयी मात्र ते मौन पाळतात. दुसऱ्या जातीत मागचे चाक एका लहानशा रुळावर दाबून बसवितात, आणि त्या रुळास चुंबकाने, पंख्याने किंवा दाट द्रवाने अडवतात. हे यंत्र स्वस्त. परंतु त्यावर साधा टायर लवकर झिजत असल्यामुळे त्यासाठी कठीण रबराचा एक निराळा टायर मिळतो. टायराच्या कुळात जन्म घेऊन उभ्या आयुष्यात रस्ता न पाहणाऱ्या या जीवाविषयी मला नेहमी हळहळ वाटत आली आहे. तिसरी जात सर्वांत कुलीन. तीत मागचे चाक मुळातून काढून टाकतात, यंत्रालाच गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा बसवितात आणि सायकलीची चेन थेट त्यावर चढवितात. आत जड फिरते चाक असते, विजेने विरोध कमी-अधिक होतो, आणि संगणकाशी किंवा फोनशी त्याची अखंड गुप्त बातचीत चालू असते. या जातीतील उत्तम यंत्राची किंमत एखाद्या स्कूटरच्या आसपास जाते. ज्या रकमेत मनुष्य पाय न हलवता सातारला जाऊ शकला असता, त्याच रकमेत तो अखंड पाय हलवून दिवाणखान्यात राहू शकतो.

आमच्या घरी ही तिसरी जात आली. आणावयाचे तर उत्तमच, हा पुतण्याचा आग्रह, आणि पैसे त्याचे नव्हेत. यंत्राची स्थापना त्यानेच केली. चकत्यांचा गठ्ठा आवळण्याची एक विशिष्ट किल्ली लागते, ती त्याच्यापाशी होती. सायकल बसविल्यावर तिचे तोंड किंचित खाली झुकल्यासारखे दिसू लागले, म्हणून पुढच्या चाकाखाली एक प्लॅस्टिकचा ठोकळा आला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे अण्णा वर आले. "काय हो, पिठाची गिरणी टाकलीत की काय?" असे त्यांनी चपला न काढताच विचारले, यावरून प्रकरण गंभीर असल्याचे मी ओळखले. ही यंत्रे हवेतून फारसा आवाज करीत नाहीत. परंतु त्यांची थरथर फरशीतून खाली उतरते, आणि वरच्या मजल्यावर जी केवळ गुणगुण असते, ती खालच्या मजल्यावर भूकंपाची पूर्वसूचना वाटते. अण्णांशी तह झाला: यंत्राखाली जाड रबरी चटई घालावी, दुपारी एक ते चार पाय हलवू नयेत, आणि आयकर विवरण भरताना त्यांस माझा लॅपटॉप मिळावा.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू. रस्त्यावर तासभर सायकल चालवून आलेला मनुष्य, आपण तासभर पाय मारले, अशा समजुतीत असतो. वस्तुतः त्या तासात सिग्नल असतात, उतार असतात, ओळखीचा माणूस भेटतो, चेन उतरते, अमृततुल्य लागते. आणि उतारावर पाय स्थिर धरून, फ्रीव्हीलचा टकटक नाद ऐकत, वारा खात जाण्याचे जे सुख, त्यासाठीच तर पुष्कळांनी सायकल घेतलेली असते. यंत्रावर यातले काहीच नाही. पाय थांबले की सारे थांबले. सदतीस मिनिटांनी केव्हा तरी घड्याळाकडे पाहावे तो अकरा मिनिटे झालेली असतात. रस्त्यावर पंक्चर होते आणि मनुष्य ताठ मानेने घरी परततो. येथे पंक्चर व्हावयास मागचे चाकच नाही, आणि घरी परतावे तर आपण घरीच आहोत. सबबींचा असा समूळ उच्छेद इतर कोणत्याही व्यायामाने केलेला नाही. जाणते सांगतात की म्हणूनच नवशिक्याने आरंभी अर्धा तास किंवा फार तर पाऊण तास, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदाच, यावर संतुष्ट राहावे, पहिली दहा मिनिटे अंग तापविण्यास द्यावीत, आणि पाय मिनिटाला ऐंशी ते नव्वद फेऱ्यांच्या लयीत हलके फिरवावेत. जड गिअर टाकून गुडघ्यांशी वैर धरू नये.

यानंतर उष्णतेचे प्रकरण उपस्थित होते. अन्नातून मिळालेल्या शक्तीपैकी शेकडा वीस ते पंचवीस इतकाच ऐवज पायडलापर्यंत पोहोचतो आणि बाकीचा वाटेतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. हे प्रमाण सरकारी अनुदानाच्या परंपरेशी इतके सुसंगत आहे की त्याविषयी कोणा नागरिकास आश्चर्य वाटू नये. म्हणजे मनुष्य पायडलावर दीडशे वॅट उमटवीत असेल, तर तो त्याच वेळी साडेचारशे ते सहाशे वॅटची उष्णता दिवाणखान्यात सोडीत असतो, आणि एका लहान विजेच्या शेगडीची उणीव भरून काढतो. रस्त्यावर हीच उष्णता समोरून येणारा वारा परभारे वाहून नेतो, म्हणून तिचा पत्ता लागत नाही. घरात वारा नाही. छताचा पंखा डोक्याच्या मध्यावर वारा घालतो, ज्या भागी माझ्या वयाच्या माणसास तो नको असतो. तेव्हा समोरून येणारा, उभा, दांडगा पंखा आणावा लागतो; शिवाय घामातील मीठ हँडलच्या बोल्टांस खाते म्हणून हँडलवर टॉवेल, फरशीवर सतरंजी, हाताशी पाण्याच्या दोन बाटल्या.

आणि येथेच या सगळ्या उद्योगाचे मर्म माझ्या ध्यानात येऊ लागले. वारा, चढ, वळणे, सोबती, गर्दी आणि अपघात या सर्वांसकट रस्ता आपण एका फटक्यात बरखास्त केला, याबद्दल भरपूर पैसे मोजले. आणि दुसऱ्याच दिवसापासून तोच रस्ता आपण किरकोळीने, एकेक नग करून, पुन्हा विकत घेऊ लागलो. पंखा हा त्या खरेदीतला केवळ पहिला नग. बाजारात यंत्रासमोर ठेवावयाचे असे पंखे आहेत की सायकलीची गती वाढली की त्यांचा वारा वाढतो. पुढचे चाक उचलून धरणारी अशी यंत्रे आहेत की पडद्यावर चढ आला की सायकलीचे नाक वर जाते. आणि सायकल जमिनीस इतक्या कसोशीने जखडल्यावर ती दोन्ही बाजूंस किंचित डोलावी म्हणून तिच्याखाली घालावयाची डोलणारी फळीही आहे. आता खड्ड्यांचा पुरवठा करणारे यंत्र निघाले की पुणेकराची विरहव्यथा संपली.

पोशाखाविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. रस्त्यावर मनुष्य खड्डा दिसला की उठतो, वळणावर कलतो, सिग्नलला उतरतो, त्यामुळे सीटवरचा भार सारखा हलत राहतो; यंत्रावर तो एकाच ठिकाणी, एकनिष्ठपणे, पाऊण तास पडतो, आणि शरीराचा जो भाग आजवर सार्वजनिक चर्चेपासून दूर होता तो सर्व विचारांच्या केंद्रस्थानी येतो. यावर उपाय म्हणून आत गादी शिवलेली घट्ट विजार मिळते, आणि तिच्याखाली दुसरे कोणतेही अंतर्वस्त्र घालावयाचे नसते. हा नियम पुतण्याने मला कानात सांगितला, आणि मंडळींनी तो स्वयंपाकघरातून ऐकला. त्या विजारीत मी प्रथम दिवाणखान्यात पाऊल टाकले, तेव्हा भिशीच्या निमित्ताने तेथे आलेल्या भगिनींनी ज्या एकमताने आपली दृष्टी भिंतीवरील दिनदर्शिकेकडे वळविली, तितके एकमत त्या मंडळात पूर्वी कधी झाले नव्हते. मंडळी मागाहून एवढेच म्हणाल्या, "अहो, निदान वरून पंचा तरी गुंडाळा."

यापुढचा विषय वॅटचा. पूर्वी मनुष्य आपल्या बळाविषयी जे वाटेल ते बोलू शकत असे. आता यंत्र ते मोजते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. व्यावसायिक शर्यतपटू अर्धा-पाऊण तास चारशे वॅटच्या आसपास टिकवून धरतात, म्हणजे अर्ध्या घोड्याहून किंचित अधिक ठरतात. सामान्य नवशिका घोड्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येऊन थांबतो. आपला हिस्सा नेमका किती, हे ठरविण्यासाठी एक चाचणी असते, तिला एफटीपी म्हणतात. वीस मिनिटे जिवाच्या आकांताने पण समान वेगाने पाय मारावयाचे, त्या वीस मिनिटांची सरासरी काढावयाची, आणि तिचे शेकडा पंच्याण्णव म्हणजे सुमारे तासभर टिकवता येईल अशी तुमची ऐपत, असा हा हिशेब आहे. सरासरी १६० आली तर ऐपत १५२. उरलेले आठ वॅट कोठे गेले, अशी मी चौकशी केली. ते नैसर्गिक घट म्हणून वजा करतात, असे सांगण्यात आले. धान्याच्या कोठारांतही असेच सांगतात.

ऐपत एकदा दप्तरी नोंदली गेली, की तीवरून अँड्र्यू कॉगन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने पाडलेल्या सात इयत्ता लागू होतात. पहिली इयत्ता जवळजवळ विश्रांतीची, आणि सातवी काही सेकंदांहून अधिक कोणालाही न झेपणारी. आरंभी बहुतेक वेळ दुसऱ्या इयत्तेत काढावा, आणि ती ओळखण्याची खूण अशी की पाय मारता मारता एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे, असे पुतण्याने सांगितले. माझ्या वाक्यांची लांबी ध्यानात घेता हा नियम मला इतरांहून अधिक जाचक पडतो, आणि एखाद्या वाक्याचे क्रियापद येईपर्यंत माझी पुष्कळदा चौथी इयत्ता उजाडलेली असते.

या यंत्रात अर्ग नावाची एक राजवट आहे, तिच्या अंमलाखाली आल्याशिवाय यंत्राच्या खऱ्या स्वभावाची ओळख पटत नाही. तीत संगणक फर्मावतो की आता चार मिनिटे १४० वॅट. आणि मग तुम्ही पाय जलद मारा की सावकाश, तो १४० वॅट वसूल करतोच, कारण तुम्ही पाय मंद केलेत की तो विरोध वाढवितो. येथे एक दुष्टचक्र दडलेले आहे. दमल्यामुळे पाय मंद होतात, पाय मंद झाल्यामुळे भार वाढतो, भार वाढल्यामुळे पाय आणखी मंद होतात, आणि अखेरीस चिखलात रुतल्याप्रमाणे पायडल जागच्या जागी थिजते. जुन्या काळी दुष्काळात पीक बुडालेल्या रयतेवर याच न्यायाने तगाई आणि तगादा दोन्ही एकदम येत. फरक इतकाच की तिला कलेक्टरकडे अर्ज करता येत असे. यंत्रासमोर अर्ज नाही, विनंती नाही, सूट नाही. क्षणभर थांबून, श्वास घेऊन, हलक्या पायांनी पुन्हा लय पकडावी, हाच काय तो त्यातून सुटण्याचा मार्ग.

इतके सारे सोसून मनुष्य भिंतीकडे तोंड करून बसला असता लवकरच विरक्त झाला असता; म्हणून २०१४ साली झ्विफ्ट नावाची एक मायासृष्टी निर्माण करण्यात आली. तीत पडद्यावर एक सायकलस्वार दिसतो, तो म्हणजे आपण. आपण पाय मारले की तो पुढे जातो. तेथे वाटोपिया नावाचे बेट आहे, तेथे ज्वालामुखी आहे, समुद्राखालून जाणारे काचेचे भुयार आहे, आणि एका रानात डायनोसॉरही आहेत. नाही ते फक्त स्वारगेट. या बेटावर फ्रान्समधील आल्प द्युएझ या सुप्रसिद्ध घाटाची हुबेहूब नक्कल उभारलेली आहे: एकवीस वळणे, बारा किलोमीटरांहून अधिक चढ, चढाची सरासरी शेकडा आठांहून जास्त. माझ्या दिवाणखान्याच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असली म्हणजे, सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा दिसतो. घरात खिळलेल्या सायकलीवर बसून, खिडकीबाहेरील खऱ्या घाटाकडे पाठ करून, प्रशांत महासागरातील काल्पनिक बेटावर उभारलेल्या फ्रेंच डोंगराच्या नकलेवर मी घाम गाळीत असतो. तानाजी मालुसऱ्यांनी घोरपड लावली की नाही याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. निदान ते योग्य डोंगरावर चढले, याविषयी नाहीत.

या मायासृष्टीतील एक व्यवस्था मला विशेष मनोज्ञ वाटते. खऱ्या रस्त्यावर जो दुसऱ्याच्या मागोमाग चालतो त्याचा वाऱ्याचा विरोध कमी होऊन श्रम वाचतात, म्हणून येथेही दुसऱ्या स्वाराच्या चित्रामागे आपले चित्र गेले की आपला वेग वाढतो. वारा नाही म्हणून पंखा विकत घेतलेला मी, त्या खऱ्या वाऱ्यात बसून, न वाहणाऱ्या वाऱ्यापासून बचाव व्हावा यासाठी ब्राझीलमधील एका अनोळखी गृहस्थाच्या चित्राचा आडोसा धरून चाललेला असतो, आणि तो गृहस्थ पुढे निघून गेला की मला खरोखर वाईट वाटते.

जेथे दोन माणसे एका दिशेने चालतात तेथे शर्यत आली, आणि जेथे शर्यत आली तेथे लबाडी आली. या बाबतीत मायासृष्टी खऱ्या सृष्टीच्या एका पावलाने पुढेच आहे. पडद्यावरचा वेग, विशेषतः चढावर, वॅटला शरीराच्या वजनाने भागून ठरतो, आणि वजन तर ज्याचे त्याने सांगावयाचे असते. परिणामी, जे वजन घटविण्यास खऱ्या जगात सहा महिने उपोषण करावे लागले असते, ते पुष्कळांनी एका बोटाने, क्षणार्धात घटविले. म्हणून मोठ्या शर्यतींत वजनकाट्यावर उभे राहून त्याची चित्रफीत धाडावी लागते. २०१९ साली तर ब्रिटनच्या राष्ट्रीय विजेत्याचे पद काढून घेऊन त्यास दंड आणि सहा महिन्यांची बंदी फर्माविण्यात आली. कारण शर्यतीत त्याने जी वेगवान सायकल वापरली होती, ती स्वतः घाम गाळून कमावलेली नसून, पायडल मारल्याचा खोटा आव आणणारी एक संगणकप्रणाली लावून मिळविलेली होती. अस्तित्वात नसलेल्या रस्त्यावर न चालता, अस्तित्वात नसलेली सायकल लंपास केल्याचा हा गुन्हा तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कोणत्या कलमात बसला असता, हे आमच्या सोसायटीतील वकीलसाहेबांसही सांगता आले नाही.

तरीही या छंदाची टवाळी करताना हात आखडता घ्यावा लागतो, तो पुढील दोन नोंदींमुळे. २०२० च्या डिसेंबरात जागतिक सायकल महासंघाने अशा घरबसल्या सायकलींची पहिली विश्वविजेतेपदाची शर्यत घेतली, तीत पुरुषांत पहिला आला तो जेसन ऑस्बोर्न नावाचा जर्मन, आणि हा मूळचा नावाडी! पुढच्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकात त्याने वल्हवण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. पाण्यावरच्या माणसाने, रस्त्यावर न उतरता, सायकलीत जग जिंकले. आणि जे व्हाइन नामक ऑस्ट्रेलियन तरुणाने याच मायासृष्टीतील निवडीतून २०२० साली व्यावसायिक संघात जागा मिळविली, व २०२२ साली स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, खऱ्या डोंगरांवर, दोन टप्पे जिंकले. तेव्हा या यंत्रावर बसून मनुष्य कोठेच पोहोचत नाही, असे विधान मी तरी प्रतिज्ञेवर करणार नाही. मी पोहोचलो नाही, हा निराळा भाग.

परवा संध्याकाळी अण्णा पुन्हा वर आले. थरथर कमी झाली असली तरी तिची प्रत्यक्ष पाहणी करावी, असा त्यांचा जाहीर हेतू होता. परंतु सोबत त्यांच्या सौभाग्यवती माई होत्या, आणि अण्णांनी विजार घोट्यापाशी क्लिपांनी आवळलेली होती, जशी ती लकडी पुलावरून कचेरीत जाताना आवळीत असत. "दिवा नाही ना लागत याला?" असे म्हणत त्यांनी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली, घंटी आहे का ते पाहिले, नाही असे दिसल्यावर नापसंती दर्शविली, आणि मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन, चाळीस वर्षांपूर्वीच्या सफाईने, टांग मारली. पुतण्या हजर होता. त्याने तत्काळ त्यांच्या नावाने खाते उघडले, पडद्यावर बेट उजळले, आणि यंत्राने नियमाप्रमाणे पहिला प्रश्न केला.

"अण्णा, तुमचं वजन?"

अण्णांनी पाठ ताठ केली, पोट आत घेतले, आणि समोरच्या ज्वालामुखीवरून नजर न हलवता सांगितले, "लिही अडुसष्ट."

"अहो," माई दारातूनच म्हणाल्या, "ते वय झालं!"